सॉलिसिटरसाहेबांचं तूप

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, निवृत्त न्यायाधीश माननीय दत्तोपंत जामनेरकरसाहेब. ज्यांना नुकतीच रावसाहेब ही पदवी मिळाली आणि जे आता धुळं सोडून कायमचे पुण्यास जात आहेत, ते सत्कारमूर्ती रावसाहेब गजाननराव नगरदेवळेकर वकील. त्यांच्या शेजारी बसलेले, आणि कोर्टात विरुद्ध बाजूला असूनही नेहमी शेजारीच बसत आलेले बापूसाहेब शिरसाळे वकील. व्यासपीठावरील इतर थोर मंडळी, वकीलमंडळाचे विद्वान सभासद, उजव्या हाताला सतरंजीवर बसलेल्या माताभगिनी, आणि मागे भिंतीला टेकून उभे असलेले माझे पक्षकार बंधू, आपणा सर्वांना माझा नमस्कार. बंधूंनो, तुम्हाला खुर्च्या पुरल्या नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका. पक्षकारानं उभंच राहायचं असतं, सवय मोडू नये.

मी उंबरद्याचा हिलाल पाटील. साक्रीच्या वाटेला पांझरेच्या काठाकाठानं गेलं की आमचं गाव लागतं. आज चार शब्द बोलण्याचा मान मला दिला तो रुपचंदभाऊंनी. रुपचंदभाऊ म्हणजे रावसाहेबांचे मुनशी. ते पाहा, हारांच्या टोपलीपाशी उभे आहेत. त्यांनी मला नुसता मान दिला नाही, भाषणही लिहून दिलं. हे माझ्या हातात आहे ते तेच. अक्षर मोत्यासारखं आहे. पहिलं वाक्य असं आहे, ‘मी एक अडाणी शेतकरी, मला दोन शब्द धड वाचता येत नाहीत.’ मी म्हटलं, रुपचंदभाऊ, मग हे मी वाचू कसं? ते म्हणाले, वाचू नका, नुसतं हातात धरा, शोभा येते. म्हणून धरलं आहे. व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा पास झालेल्या माणसाला याहून सोपं काम आजवर कोणी सांगितलं नव्हतं.

आत्ताच मानपत्र वाचलं गेलं. फार सुंदर होतं. रावसाहेबांची विद्वत्ता, रावसाहेबांचा दानधर्म, रावसाहेबांचं वक्तृत्व. त्यात मध्येच एक वाक्य होतं, ते आपण ऐकलं असेल. ‘उंबरदे व देवखेडे या दोन गावांतील बंधाऱ्याचा जुनाट तंटा आपण आपल्या मुत्सद्देगिरीने मिटविलात आणि पांझरेच्या दोन्ही तीरांवर सलोख्याचे पाट वाहविलेत.’ या वाक्यावर टाळ्या पडल्या. सर्वांत मोठ्यानं टाळी बापूसाहेबांनी वाजवली, ते साहजिकच आहे. तर मंडळी, मला इथं बोलावलं आहे ते या एका वाक्याला साक्षीदार म्हणून. आणि साक्षीदारानं खरं बोलावं, हे मला रावसाहेबांच्याच कचेरीत पाटीवर लिहिलेलं वाचायला मिळालं होतं. पाटी आत होती, आम्ही बाहेर बसायचो, पण मला लांबचं दिसतं.

तेव्हा तंटा काय होता, तो कोणी वाढवला आणि कोणी मिटवला, एवढंच सांगतो. रावसाहेबांचा निरोप आहे, निरोपाला खरं बोललेलं बरं. माणूस गेल्यावर बोललं तर पाठीमागे बोलणं होतं.

शहरातल्या मंडळींसाठी थोडं आधी सांगायला हवं. पांझरेवर जुने दगडी बंधारे आहेत. आमच्या बंधाऱ्याला दोन पाट फुटतात. डाव्या तीरानं येतो तो उंबरद्याचा, उजव्या तीरानं जातो तो देवखेड्याचा. पाटाखालची सगळी जमीन आम्ही फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि पाणी वरच्या शेतापासून टोकाच्या शेतापर्यंत पाळीनं जाणार. पाळी कोणी मोडायची नाही. पाटील असो की पाटलाचा सालदार, पाळी म्हणजे पाळी. पाण्याचीच नव्हे, पाट साफ करायची पाळी, राखणीची पाळी, सरकारी माणूस आला तर त्याला जेवू घालायची पाळी. लाभ आणि त्रास दोन्ही सारखे वाटून घ्यायचे, ही आमची रीत. हिचा आम्हाला फार अभिमान. आणि त्याच अभिमानानं आमचा घात केला, ते पुढं येईलच.

एका साली नदीला लोंढा आला आणि बंधाऱ्याला भगदाड पडलं. पडलं ते देवखेड्याच्या बाजूला. आम्ही म्हणालो, तुमच्या अंगाला फुटलं, तुम्ही बुजवा. ते म्हणाले, पाणी दोघं पितो, दोघं बुजवू. खरं सांगू का? त्यांचं बरोबर होतं. पण बरोबर माणसाशी भांडण्यात जी मजा आहे ती चुकीच्या माणसाशी भांडण्यात नाही. आम्ही धुळ्यास आलो, रावसाहेबांना भेटलो. तेव्हा ते नुसते वकीलसाहेब होते. त्यांनी पहिल्याच दिवशी कोर्टातून मनाई हुकूम आणला, की दुरुस्ती कोणी करायची याचा निकाल लागेपर्यंत बंधाऱ्याला कोणीही हात लावू नये. आम्ही गुलाल उधळला. अध्यक्षमहाराज, आपण गालात हसलात. आपल्याला लगेच कळलं, आम्हाला कळायला पाच-सहा वर्षं लागली. बंधारा कोणी बुजवायचा हे ठरेना, आणि ठरेपर्यंत तो कोणालाच बुजवता येईना. भगदाड तसंच, पाट कोरडे, आणि दोन्ही तीरांवरचे फड उघडे पडलेले. जिथं ऊस आणि भात व्हायचा तिथं बाजरीही मनापासून येईना.

आता आमच्या शहाणपणाची गोष्ट. कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. तारखेला धुळ्यास जायचं कोणी? गावात बैठक झाली आणि ठरलं की पाळीनं जायचं. पाणी जसं वरून खाली जातं तशी तारीखही वरून खाली जाईल. पहिल्या शेताचा धनी पहिल्या तारखेला, दुसऱ्याचा दुसऱ्या तारखेला. कोणा एकावर भार नको, कोणा एकाचा तोरा नको. किती न्यायाची गोष्ट! सबंध धुळे जिल्ह्यात इतका न्याय कोर्टातही झाला नसेल. आणि देवखेडेकर तर आमचेच भाईबंद, त्यांनीही हीच रीत धरली.

रुपचंदभाऊ, त्या दिवशी तुम्हाला किती आनंद झाला असेल! दर तारखेला नवा माणूस. ज्याला मागचं काही ठाऊक नाही, पुढचं काही विचारायचं नाही, आणि जन्मात एकदाच वकिलाच्या ओट्यावर बसायला मिळालं म्हणून जो डोक्याची पगडी चार वेळा सारखी करतो. त्याला आपण सांगायचं, ‘निकाल अगदी तोंडाशी आला आहे. वकीलसाहेबांनी मुंबईच्या सॉलिसिटरसाहेबांकडं कागद धाडले आहेत. त्यांचा अभिप्राय आला की संपलं. तेवढा त्यांचा खर्च द्या. आणि हो, सॉलिसिटरसाहेबांना खानदेशचं तूप फार आवडतं.’

सॉलिसिटर हा शब्द आमच्या गावात कोणी ऐकलेला नव्हता. आमच्या पाटाचं पाणी सोडणारा पुना पाटकरी पाळीनं धुळ्यास जाऊन परत आला तेव्हा आम्ही त्याला घेरलं. तो म्हणाला, वकिलाला अडलं की तो ज्याच्या पाया पडतो तो सॉलिसिटर. झालं. वकिलाचाही वकील आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर आणखी काय हवं? खर्च दिला, तूप दिलं. पुढच्या तारखेला पुढचा माणूस गेला, त्यालाही निकाल तोंडाशी आलेलाच सापडला. त्यानंही खर्च दिला, तूप दिलं.

तुम्ही विचाराल, गावाला दर वेळी तेच ऐकून संशय आला नाही? नाही आला. का नाही आला ते ऐका. प्रत्येकाला वाटायचं, मी गेलो म्हणून निकाल तोंडाशी आला. मागचे गेले ते बावळट. अभिमन तात्या तर परत आल्यावर आठवडाभर चावडीवर पाय पसरून सांगत होता की वकीलसाहेबांनी मला खुर्ची दिली. खुर्ची दिली नव्हती. खुर्चीकडं बोट करून ‘तिला हात लावू नका, रंग ओला आहे’ असं म्हटलं होतं, हे नंतर निघालं. अशी आमची अक्कल. रावसाहेबांना एकट्यांना बोल लावणं बरोबर नाही, लुटणाऱ्याला निदान दार तरी उघडावं लागतं. आम्ही दार काढूनच ठेवलं होतं.

अध्यक्षमहाराज, आपण घंटा वाजवलीत. वेळ झाला असेल. पण आमचा दावा काही काळ आपल्याच कोर्टात होता, आणि हीच घंटा आपण एखाद्या तहकुबीच्या अर्जावर वाजवली असती तर मला आज एवढा वेळ लागला नसता. थोडं सांभाळून घ्यावं.

वरून खाली येता येता तारीख पाटाच्या टोकाला आली. टोकाची दोन शेतं दोन बायकांची. एक भिकुबाई, दुसरी तिची थोरली जाऊ शेवंताबाई. दोघींच्या कपाळी कुंकू नाही, घरात कर्ता माणूस नाही. पाणी टोकाला शेवटी पोचायचं, म्हणून भगदाड पडल्यावर सर्वांत आधी वाळलं ते यांचं. त्या दोघींनी उसाची खोडकी उकरून चुलीत घातली, हे मी पाहिलं आहे. भिकुबाईचा भाऊ बोदवडला असतो. त्याचा निरोप आला होता की दोघी इकडं या, कपाशी वेचायला जा, माझ्या पडवीत राहा. म्हणजे सासरची शेतं आणि घर सोडून भावाच्या दारात पडून राहायचं. भिकुबाईनं पंचांना स्वच्छ सांगितलं होतं, यंदा दिवाळीपर्यंत पाट वाहिला नाही तर आम्ही जाऊ. आणि एकदा गेलो की परत येणं नाही.

पंचांनी म्हटलं, बाईमाणूस कोर्टात जाऊन काय करणार, तुमची पाळी शेजारच्या कौतिकला देऊ. भिकुबाई उभी राहिली. ती म्हणाली, “पानीनी पाळी माले शे, तं तारीखनी बी मालेच शे. मी जासू.” आणि शेवंताबाईचे गुडघे धरलेले, तिला चालवत नाही, म्हणून तिचीही पाळी हिनंच घेतली. म्हणजे लागोपाठ दोन तारखांना एकच माणूस धुळ्यास जाणार. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. कोणाच्या ध्यानातही आलं नाही. रुपचंदभाऊंच्या तर मुळीच नाही.

पहिल्या तारखेला तिनं सगळं निमूट ऐकलं. निकाल तोंडाशी आला आहे, सॉलिसिटरसाहेब, अभिप्राय, तूप. तिनं तूप दिलं आणि आली. दुसऱ्या तारखेला गेली, पोचताच तूप उतरवून घेतलं गेलं. तोच ओटा, तेच रुपचंदभाऊ, तीच वाक्यं, त्याच क्रमानं. ती म्हणाली, मागल्या तारखेलाही हेच सांगितलं होतं, मधल्या दिवसांत काय झालं ते सांगा. रुपचंदभाऊ म्हणाले, बाई, तुम्ही पहिल्यांदाच येताय, तुम्हाला कायद्यातलं समजायचं नाही. तिनं पुन्हा विचारलं, जरा मोठ्यानं विचारलं. तेव्हा आतून स्वतः रावसाहेब बाहेर आले. पुढचं मी पदरचं घालत नाही; ओट्यावर त्या वेळी आणखी पक्षकार बसलेले होते, त्यांतले दोघं आज मागं उभे आहेत. रावसाहेब खिशातलं घड्याळ काढून त्याच्याकडं पाहत म्हणाले, “मागल्या तारखेला जी बाई आली होती, तिला काही समजलेलं दिसत नाही. तिनं गावात जाऊन तुम्हाला भलतंच सांगितलं.”

भिकुबाई म्हणाली, “वकीलसाहेब, ती बाई मीच शे.”

मंडळी, आपण हसलात. मीही हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. घरी गेल्यावर मात्र हसू राहिलं नाही. तूप गेलं त्याचा मला एवढा राग नाही. तूप पुन्हा होतं, म्हैस आहे. पण ज्या माणसाच्या हातात एखादीनं आपलं घर, आपली जमीन, आपलं राहणं ठेवलं, त्यानं दोनदा समोर उभ्या असलेल्या तिच्या तोंडाकडं एकदाही पाहिलं नव्हतं. डोईवर पदर असलेली बाई म्हणजे कोणतीही बाई. पगडी घातलेला शेतकरी म्हणजे कोणताही शेतकरी. रावसाहेब, मला त्याचा संताप आला आणि तो अजून गेलेला नाही. तुम्ही पुण्यास गेलात तरी तो इथंच राहणार आहे.

असो. ती परत निघाली. सर्व्हिस मोटरीत बसली, मांडीवर तुपाची रिकामी कासंडी. शेजारी येऊन बसले देवखेड्याचे उखर्डू आबा. त्यांच्याही पाळीचा दिवस होता. आणि त्यांच्याही मांडीवर रिकामी कासंडी. दावा लागल्यापासून दोन्ही गावांत बोलणं बंद, पण मोटरीच्या बाकावर अबोला धरायला जागा नसते. दोघांनी एकमेकांच्या भांड्यात डोकावून पाहिलं. मग भिकुबाईनं विचारलं, “आबा, तुम्हनं तूप कोनले गय?”

आबा ऐटीत म्हणाले, “मुंबईना सायेबले. तो आम्हना शे.”

“तो आम्हना बी शे,” भिकुबाई म्हणाली.

मोटर साक्रीच्या रस्त्याला लागेपर्यंत दोघांचं सगळं बोलून झालं होतं. निकाल त्यांच्याही तोंडाशी आलेला होता, बापूसाहेबांच्या कचेरीतून. कागद त्यांचेही मुंबईला गेलेले होते. आणि सॉलिसिटरसाहेबांना देवखेड्याचं तूपही तितकंच आवडत होतं. दोन्ही पक्षांना एकच सॉलिसिटर अभिप्राय देणार, दोन्ही तीरांचं तूप एकच माणूस खाणार! काय त्याची पचनशक्ती असेल! पुढं आमच्या पंचांनी रावसाहेबांना त्या सॉलिसिटरचं नाव विचारलं, तेव्हा उत्तर मिळालं की धंद्याची गुप्तता असते. देवखेड्याच्या पंचांनी बापूसाहेबांना विचारलं, त्यांनाही तेच मिळालं. आता ते तूप खरोखर मुंबईस गेलं की इथला धुळ्याचा आग्रा रोड ओलांडूनही गेलं नाही, हे मला ठाऊक नाही. मी कोणावर आळ घेत नाही. मी फक्त आज इथले लाडू खाल्ले, आणि ते फार खमंग झाले आहेत एवढंच सांगतो. आमच्या गावच्या तुपाला जरा वेगळा वास असतो.

नंतरचं लवकर सांगतो. मोटरीतून उतरून भिकुबाई घरी न जाता तशीच पंचांकडं आली, आबा त्यांच्या पंचांकडं गेले, आणि दोन्ही गावं भगदाडापाशी येऊन बसली. एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला ते, मधून पाणी फुकट वाहून चाललेलं. बोलायला फार काही नव्हतंच. जेवढं आम्ही तहकुब्यांवर घातलं तेवढ्यात बंधारा दगडचुन्यानं नवा बांधून वर तुपानं सारवता आला असता. दोन्ही गावांनी मिळून भगदाड बुजवायचं ठरलं. पाळीचंही नवं ठरलं. एक साल पाणी वरच्या शेतापासून सुरू करायचं, दुसऱ्या साली टोकापासून. आणि पहिलं साल टोकाचं.

आम्ही वकीलसाहेबांकडं गेलो, म्हटलं, तडजोड झाली, कोर्टाला कळवा. रावसाहेब गंभीर झाले. म्हणाले, तडजोड ही फार नाजूक बाब आहे. आम्ही म्हटलं, म्हणजे? तर म्हणाले, तिच्यासाठी सॉलिसिटरसाहेबांचा अभिप्राय घ्यावा लागेल. हे ऐकल्यावर आम्ही जोडे घातले.

पुढच्या तारखेला दैवानं हात दिला. रावसाहेब पुण्यास नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला गेले होते, आणि बापूसाहेब त्यांच्या पंगतीला. मानपत्रात त्या बंगल्याचं नाव आलंच आहे, ‘पांझरा-कृपा’. नाव अगदी योग्य आहे, कृपा पांझरेचीच आहे. कोर्टात दोघांचे मुनशी तहकुबीचे अर्ज घेऊन उभे होते. पुकारा झाला. पण त्या दिवशी पाळीचा एक माणूस नव्हता, दोन्ही गावं आली होती. उखर्डू आबा पुढं झाले आणि न्यायाधीशांना म्हणाले, “सायेब, आम्हनं भांडन सरी गय.” साहेबांनी चष्मा काढला, दोन्हीकडच्या पंचांना नावानं विचारलं, तडजोड वाचून पाहिली, सह्या-अंगठे तपासले, मनाई उठवली. सगळा कारभार चहा थंड व्हायच्या आत आटोपला. आणि ज्या गोष्टीला इतकी वर्षं लागली ती वकील हजर नसताना झाली, यातून काय बोध घ्यायचा तो वकीलमंडळानं घ्यावा.

एवढं झाल्यावर रुपचंदभाऊ गावात आले. आम्हाला वाटलं, अभिनंदन करायला. ते तडजोडीची फी मागायला आले होते. आणि आता मानपत्रातलं ते वाक्य. फी मिळाली नाही म्हणून श्रेय घेतलं असावं. फी बुडाली तर निदान कीर्ती तरी वसूल व्हावी, हा हिशेब मला कळतो.

वकील सगळे वाईट असं मी म्हणत नाही. या सभागृहात चांगले वकील बसलेले आहेत, त्यांची नावं घेत नाही, कारण मी स्तुती केली तर उद्या वकिलांच्या खोलीत त्यांना कोणी सुपारी देणार नाही. पण माझ्या पक्षकार बंधूंनो, भिंतीला टेकून उभे आहात म्हणून तुम्हाला सांगतो. ज्याच्या हाती काम द्यायचं त्याला आधी विचारा, कशाला किती लागेल आणि का लागेल. पैसे दिले की पावती मागा. पावती मागितल्यावर ज्याला राग येतो त्याच्या ओट्यावरून त्याच पावली उठा, पुढचा खर्च वाचला. आणि दर वेळी एकच माणूस पाठवा, जो मागचं विसरत नाही. पाळी पाण्याला ठीक आहे, पाणी थापा मारत नाही. विश्वास ठेवायचा म्हणजे हात जोडून डोळे मिटायचे असं आम्ही समजत होतो. ते देवापुढं. वकिलापुढं डोळे उघडे ठेवावेत, आणि त्याचेही उघडे आहेत ना, ते पाहावं.

आता रावसाहेबांना निरोपाची भेट. सत्कारासाठी उंबरद्याकडून चांदीचा तांब्या यावा असं रुपचंदभाऊंनी सुचवलं होतं, वर्गणीही जमली होती. ती बंधाऱ्याच्या चुन्यात गेली. त्याऐवजी गावानं ही कासंडी पाठवली आहे, पितळेची आहे, घासून लख्ख केली आहे. ज्या भिकुबाईनं ती दोनदा भरून आपल्या ओट्यावर आणली, तिनंच ती आपल्या हाती द्यावी असं गावाचं म्हणणं पडलं. रावसाहेब, माताभगिनी आपल्या समोरच बसल्या आहेत. आपल्या पक्षकार आहेत, आपण ओळखालच. जरा त्यांच्याकडं पाहून भिकुबाईंना खूण करा, म्हणजे त्या वर येतील.

पाहा, पाहा. घाई नाही.

रावसाहेबांनी नमस्कार केला. हिरव्या लुगड्यातल्या बाईंना केला. त्याही गोंधळून उठल्या. रावसाहेब, त्या प्रमिलाबाई. देवखेड्याच्या उखर्डू आबांच्या सूनबाई, बापूसाहेबांच्या पक्षकार. इतकी वर्षं आपण ज्यांच्याविरुद्ध लढलात त्यांच्यापैकी. प्रमिलाबाई, तुम्ही बसा, तुमचं काही चुकलं नाही.

भिकुबाई आज इथं आलेली नाही. पाट कालपासून वाहतोय. यंदा पाळी टोकाकडून, आणि टोकाची पहिली पाळी तिची. ती या घटकेला तिच्या शेतात पाण्यात उभी आहे आणि बांधावर शेवंताबाई बसली आहे, मीच तिला लाकडी पाट मांडून बसवून आलो. बोदवडच्या भावाला निरोप गेला की आता येत नाही. मी भिकुबाईला विचारलं होतं, रावसाहेबांचा सत्कार आहे, येतेस का? तिनं विचारलं, कोण रावसाहेब?

अध्यक्षमहाराज, घंटा ऐकली, संपवतो. आपण मला बोलू दिलंत याबद्दल आपले, लाडवांबद्दल रुपचंदभाऊंचे, आणि इतका वेळ उभे राहिलात त्याबद्दल पक्षकार बंधूंचे आभार मानतो. कासंडी इथं मेजावर ठेवतो; रावसाहेबांनी ती मुंबईच्या साहेबांना पोचवावी, रिकामी आहे म्हणून संकोच करू नये. बोलण्याच्या ओघात कोणाचं मन दुखावलं असेल तर मोठ्या मनानं पोटात घालावं. तेवढ्यानं भागत नसेल तर माफी मागायला पुढच्या तारखेला आलो असतो, पण उंबरद्याला आता तारीखच उरलेली नाही.